खाल्ल्या मिठाचा खलनायक

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या घरी सतरंजीवर बसून एक चांगली कमावती डेंटिस्ट हमसून हमसून रडली. समोर चहाचे कप होते, भडंगाची अर्धी वाटी होती, रंगीत फासे होते आणि लाल पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत आली. "काय गं, घरून काही फोन आला का?"

"नाही काकू," ती नाक ओढत म्हणाली, "माईंचं कळलं."

"कोण माई?"

माई खऱ्या नाहीत. त्या एका घाटातल्या धर्मशाळेत राहतात, आणि तो घाट, ती धर्मशाळा आणि त्या माई हे सगळं मी रचलेलं आहे. चौदा रविवार त्यांनी माझ्या मैत्रिणीला पिठलं-भाकरी वाढली होती. त्या दिवशी तिला कळलं, की या गोष्टीतली खलनायिका म्हणजे माईच.

तळघरात बसून फासे टाकणाऱ्या पोरांची ती परदेशी मालिका घरोघरी पाहिली गेल्यापासून डंजन्स अँड ड्रॅगन्स हे नाव तरी लोकांच्या कानावर पडलंय. पण त्यात नक्की काय खेळतात, आणि तिशीतली माणसं त्यापायी रडतात कशी, हे कोडं आईसारखंच अनेकांना पडतं. मी सहा वर्षं हा खेळ चालवतेय. त्या रात्री आईला मला धड समजावता आलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी खेळ समजून घेऊ

कोकणातला दशावतार पाहिलाय? आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात, हातात लिहिलेलं काही नसतं. आमचा खेळ त्याचा चुलतभाऊ, फक्त इथे आख्यानही ठरलेलं नसतं. चार-पाच जण एकेक पात्र घेतात. आमच्याकडे डेंटिस्ट ढालाईत आहे, हिंजवडीत कोड लिहिणारा मित्र मांत्रिक आहे, सीएची आर्टिकलशिप करणारा चोर आहे आणि शाळेत मराठी शिकवणारी एक जण वैद्य आहे. उरलेलं सगळं जग मी चालवते. पाऊस मी, कोतवाल मी, म्हातारी मी, वाघही मीच. या सूत्रधाराला डीएम म्हणतात. खेळाडू म्हणतात, "मी भिंतीवरून उडी मारते." मी सांगते पुढे काय झालं.

पण उडी साधली की नाही हे कोण ठरवणार? त्यासाठी वीस बाजूंचा फासा. काम अवघड असेल तर मी पंधराची अट घालते. पंधरा ते वीस असे सहा आकडे, म्हणजे वीसात सहा, ३० टक्के. पात्राच्या अंगच्या कौशल्याचे दोन-चार आकडे त्यात मिळवायचे, की झालं. गावाकडे देवाला कौल लावतात तसंच हे. कौल एकदा आला की तो मला बांधतो आणि त्यांनाही.

अशी गोष्ट महिनोन्महिने चालते. जिंकणं-हरणं असं काही नसतं. मांडीवर वही घेऊन बसलेली ती माणसं चौदा-चौदा आठवडे एकाच माणसाच्या कातडीत राहतात, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सुरुवातीला राक्षस नुसते उभे असायचे

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ छापला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. छोटे छोटे शिसाचे सैनिक मांडून लढाया खेळायची जुनी हौस होती, त्यातून तो निघाला. त्यामुळे सुरुवातीचं स्वरूप साधं होतं: भुयारात शिरा, राक्षस मारा, सोनं घेऊन बाहेर या. राक्षस तिथे का आहे, तो जेवतो काय, त्याला कुणी आहे का, असले प्रश्न कुणी विचारत नसे. पात्राच्या कागदावर त्याची वृत्ती लिहायची पद्धत होती. आधी त्याचे तीन प्रकार होते, पुढे चांगलं-वाईट मिसळून नऊ खाने झाले. रेशनकार्डाच्या रंगावरून माणूस कळावा, तितकंच त्यातून माणसाचं कळायचं.

ट्रेसी हिकमन नावाच्या एका खेळाडूला अशाच एका भुयाराच्या कोपऱ्यात रक्तपिपासू व्हॅम्पायर भेटला, आणि याला प्रश्न पडला: हा इथे करतोय काय? त्या प्रश्नातून त्याने आणि त्याची बायको लॉरा हिने जे रचलं ते १९८३ मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' या नावाने छापून आलं. त्यातल्या स्ट्राड या सरदाराने सगळं तारुण्य लढायांत घालवलंय. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर तो धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूच्या प्रेमात पडतो, लग्नाच्या दिवशी भावाला मारतो, आणि ती गढीच्या तटावरून उडी घेते. मग तो अमर होऊन त्या गढीत बसून राहतो. एवढं कळल्यावर त्याच्या अंगावर तलवार घेऊन जाताना हात किंचित जड होतोच. लोक चाळीस वर्षांनंतरही त्याच्याशी लढतायत ते त्याच्या सुळ्यांसाठी नव्हे.

माझा काळा सरदार आणि वडापाव

हे सगळं मला वाचून माहीत होतं, तरी पहिल्या वेळी मी सपशेल आपटले. माझा पहिला खलनायक काळं चिलखत घालायचा. त्याने दोनशे माणसांचं गाव जाळलं. मी आवाज खोल करून त्या जळत्या गावाचं वर्णन करत होते, एका लहान मुलाची राखेतली चप्पलसुद्धा आणली, आणि तेवढ्यात सीएवाला शांतपणे म्हणाला, "वडापाव मागवायचे का? साडेसात वाजले."

मला राग आला होता. आता वाटतं, त्याचं काय चुकलं? ते गाव त्याने पाहिलं नव्हतं. तिथल्या कुणाच्या हातचं पाणी तो प्यायला नव्हता. मी दोनशेचे दोन हजार केले असते तरी त्याने वडापावच मागवले असते, फार तर चटणी जास्त सांगितली असती. नवव्या सेशनला, म्हणजे नवव्या बैठकीला, त्यांनी सरदाराला मारलं आणि पहिला प्रश्न विचारला: त्याच्या चिलखताचे किती येतील?

नवे डीएम अजूनही हीच चूक करताना दिसतात. खलनायक काळजाला भिडत नाही म्हटलं की त्याला आणखी क्रूर करायचं. आमटीत मीठ नाही म्हणून तिखट वाढवत जायचं, तसं.

'काका' या शब्दात काय आहे

उत्तर मला सापडलं ते नियमांच्या पुस्तकात नाही. पुण्यातल्या प्रत्येक मुलाने शनिवारवाड्याच्या सहलीत ऐकलेल्या गोष्टीत ते होतं. ३० ऑगस्ट १७७३. गारदी वाड्यात शिरले आणि अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत सुटले. कुणाकडे? तर रघुनाथरावांकडे. "काका, मला वाचवा!"

त्या हाकेतला 'काका' काढा, तिथे 'सेनापती' घाला किंवा 'दुष्टा' घाला. सगळा जीव जातो. अडीचशे वर्षं ती किंकाळी या शहरात फिरतेय. अमावास्येला वाड्यात ऐकू येते म्हणणारी माणसंही आहेत. खून तर त्या काळात कमी का झाले? पण हाक मारणाऱ्याला अजून वाटत होतं, की हा माणूस आपल्याला वाचवेल.

आणि राघोबादादा काही जन्मतः खलपुरुष नव्हते. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या मोहिमेचे ते सेनानी. तेच पुढे पुतण्याच्या कारभारात त्याच वाड्यात नजरकैदेत होते. त्यांनी 'धरावे' असा हुकूम दिला आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला असं सांगतात. त्यातलं खरंखोटं इतिहासकार पाहतील. गोष्ट सांगणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचं हे, की लोकांना तो 'ध' हवाच होता. काकाच्या मनात नुसतं धरायचं होतं, मारायचं नव्हतं, असं मानायला आपल्याला जागा हवी असते.

कर्णाचंही तेच. कुंती येऊन सांगते की तू माझा पोटचा, तरी तो दुर्योधनाची बाजू सोडत नाही, कारण साऱ्या जगाने सूतपुत्र म्हणून हिणवलं तेव्हा याने जवळ केलं होतं. आईला वचन एवढंच देतो, की तुझे पाच मुलगे राहतील. अर्जुन गेला तर मी, मी गेलो तर अर्जुन. भीष्म तर युधिष्ठिराला तोंडावर सांगतात, की माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधलंय.

आपल्याकडे याला एक सरळ शब्द आहे. खाल्ल्या मिठाला जागणं. मी त्यावरून माझा नियम केला: ज्याचं मीठ खाल्लं नाही तो खलनायक घाबरवेल, किळस आणेल, फार तर राग आणेल. रडवायचं असेल तर आधी त्याने जेवायला घातलं पाहिजे.

माईंची वही

म्हणून पहिल्या सेशनला माईंनी जेवायला घातलं.

घाटातली रात्र, पाऊस, चौघं भिजलेली. माई कंदील घेऊन दारात. "जेवलात का?" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि दर खेपेचं पहिलं वाक्य. पाच ताटं वाढली. मांत्रिकाने विचारलं, आम्ही चार, हे पाचवं कुणाचं? माई म्हणाल्या, "कुणाचं नाही रे बाळा, सवय आहे." सगळे हसले.

मग त्यांनी नोंदवही पुढे केली. इथे मी खरीखुरी वही काढली. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, पट्टीने रकाने आखलेली: नाव, वडिलांचे नाव, गाव, कोठून आले, कोठे जाणार. लॉजवर असतात तसे. पहिली काही पानं मी घरी तीन वेगवेगळ्या पेनांनी भरून ठेवली होती, काही नावं खोडलेली. चौघांनी पानं उलटून आपापल्या पात्रांची नावं लिहिली आणि वही माझ्याकडे आली. कुणी मागची पानं वाचली नाहीत. लॉजवर कोण वाचतं?

आता जरा मागे जाऊ. खेळ सुरू होण्याआधी मी प्रत्येकाला पात्राचं पूर्वायुष्य लिहून मागते. डेंटिस्टने तिच्या ढालाइतीबद्दल एक वाक्य असं लिहिलं होतं: 'घरात एक पलंग जास्त आहे, तो कुणाचा हे कुणालाच माहीत नाही.' तिला स्वतःलाही उत्तर ठाऊक नव्हतं, मजा म्हणून लिहिलं होतं. माझी झोप उडाली. माईंचं पाचवं ताट त्या पलंगातून आलं. डीएमला माझा एकच फुकटचा सल्ला असेल: खलनायक आपल्या डोक्यातून काढू नये, खेळाडूंच्या कागदातून काढावा.

गोष्ट अशी की घाटाच्या माथ्यावर एक तळं आहे आणि त्याची भिंत फार जुनी. खाली पेठ, तीनशे उंबरे. भिंतीला नाव द्यावं लागतं. वहीत लिहिलेलं नाव खोडलं, की भिंत तरते आणि त्या माणसाला ओळखणारं जगात कुणी उरत नाही. तो मरत नाही. घरी जातो आणि त्याची आई विचारते, कोण पाहिजे आपल्याला?

माई तीस वर्षं नावं खोडतायत. वाटसरूंना जेवू घालतात ते ढोंग नाही. ज्यांचं घर आपण काढून घेणार, त्यांना निदान आज पोटभर मिळावं, एवढंच त्यांच्या हातात आहे. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे. खलनायकाचा चांगुलपणा हा मुखवटा असेल, तर तो फाडताना नुसती मजा येते. ज्या गुणामुळे तो आवडला त्याच गुणाच्या पोटातून गुन्हा निघाला, तर फाडायला काही उरतच नाही.

चौदाव्या सेशनला डेंटिस्टने वही मागितली आणि या खेपेला मागची पानं वाचली. तिसऱ्या पानावर खोडलेलं एक नाव होतं. नाव ओळखीचं नव्हतं. वडिलांचं नाव तिच्याच वडिलांचं, गाव तिचंच. पहिल्या दिवशी ते पान तिने स्वतःच्या हाताने उलटलं होतं. ती बराच वेळ बोट ठेवून बसली. मग तिने पहिलं पान काढलं. पहिल्या ओळीत एका मुलीचं नाव, खोडलेलं. वडिलांच्या रकान्यात माईंच्या यजमानांचं नाव.

तिने वही माईंपुढे, म्हणजे माझ्यापुढे धरली. मी माईंच्या आवाजात म्हणाले, "अक्षर माझंच आहे गं. पण ही पोर कुणाची?"

तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली होती.

कोडं वेगळं, पेच वेगळा

एवढ्यावर थांबलं असतं तर तो नुसता धक्का झाला असता. खलनायक कोण हे कळल्यावर 'आता काय करायचं' हा प्रश्न उरला पाहिजे, आणि त्याला सोपं उत्तर नसलं पाहिजे. याला पेच म्हणू.

कोड्याला उत्तर असतं, ते सापडलं की सुटलो. पेचात सगळी उत्तरं समोर असतात आणि प्रत्येकाची किंमत कुणीतरी मोजणार असतं. सदाशिव पेठेतला एखादा जुना वाडा घ्या. वाडा पडायला आलाय, बिल्डर दारात उभा आहे, मालकाच्या मुलाला वडिलांच्या ऑपरेशनला पैसे हवेत. आतल्या खोलीत पन्नास वर्षं राहणाऱ्या भाडेकरू आजी आहेत. भाडं महिन्याला चहाच्या बिलाएवढं. पण या मुलाची आई नोकरीला जायची तेव्हा शाळेतून आल्यावर त्याला गरम पोळी याच आजींनी दिलीय. इथे दुष्ट कोण, सांगा. कोर्ट निकाल देईलही, तरी मुलाची झोप परत येणार नाही.

तत्त्वज्ञानातलं रुळांवरच्या गाडीचं उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. फिलिपा फूट या ब्रिटिश बाईंनी १९६७ मध्ये ते मांडलं: गाडी पाच जणांवर चाललीय, वळवली तर एकच मरेल. वर्गात चर्चेला ते झकास आहे. खेळात मात्र तसंच्या तसं आणलं की माझ्या काळ्या सरदारासारखं होतं. पाच कोण, एक कोण, कुणाला काही देणंघेणं नाही. लोक गणित करतात आणि पुढे जातात. त्या एकाच्या हातची पोळी खाल्लेली असली, की गणित अडकतं.

पेच मांडताना माझीही फजिती झालीय, आणि ती चांगलीच अंगाशी आली. एकदा मी राक्षसांच्या गुहेत त्यांची तान्ही पिल्लं ठेवली. आईबाप यांनी मारलेले. पिल्लांचं काय करायचं? जगभरच्या टेबलांवर घासून गुळगुळीत झालेली युक्ती आहे ती. दोघं म्हणाले वाचवू, दोघं म्हणाले मोठी होऊन गावं लुटतील. ते भांडण खेळातून व्हॉट्सॲपवर गेलं आणि दोन आठवडे चाललं. वाईट याचं वाटलं, की काहीही केलं तरी मी त्यांना चुकीचंच ठरवणार होते. वाचवली तर पुढे गाव लुटलं जाणार, मारली तर देव कोपणार. तो पेच नव्हताच, सापळा होता. शिक्षकाने 'कसंही लिहिलंस तरी शून्य' म्हणून पेपर काढावा तसला.

माईंच्या वेळी म्हणून मी दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या. वही जाळली तर सगळी नावं परततील आणि भिंत जाईल. नाही जाळली तर पेठ वाचेल, पण भिंत आता इतकी खचलीय की एका नावावर एकच रात्र निभते. दोन्हीकडची किंमत उघड. आणि बरोबर उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरंच नव्हतं.

"म्हणजे गुन्हेगाराची कड घ्यायची?"

हा आक्षेप आईनेच घेतला. प्रत्येक दुष्टामागे काहीतरी दुःख दाखवलं, तर दुष्टपणा माफच होतो की!

होऊ शकतो, आणि लेखन आळशी असेल तर होतोच. 'लहानपणी त्याला फार मारलं' एवढं शेवटच्या सेशनला सांगून चार डोळ्यांत पाणी आणायचं, हा स्वस्त धंदा आहे. पण माईंचं दुःख कळल्याने ढालाइतीचा भाऊ परत आला नाही. उलट त्यांची बाजू समजल्यावर ती म्हणाली, "मला त्यांचा आता जास्त राग येतो. हे कळत असून त्या वही पुढे करत होत्या."

राघोबादादांचंही कारण कळतं म्हणून कुणी त्यांना सोडत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांना काय ती माणसं कळत नव्हती? तरी त्यांनी तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्यांचं नाव निघतं ते त्यामुळेच. समजून घेणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या खोल्या आहेत, मधे दार आहे, आणि ते उघडायचं की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचं. डीएमने ते परस्पर उघडू नये.

बाकी प्रत्येक खलनायक असा असावा असं मुळीच नाही. चार दरोडेखोर नुसते दरोडेखोर असू द्यावेत. रोज कोण रडणार?

"खेळात रडायचं कशाला? डोक्यावर परिणाम नाही ना होणार?"

पहिल्या भागाचं उत्तर जुनं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यात करुण आहे, त्याचा स्थायी भाव शोक. तिकीट काढून नाटकाला जायचं आणि रुमाल ओला करून यायचा, हे आईच्या पिढीने आयुष्यभर केलंय. फरक इतकाच, की तिथे आपण खुर्चीत असतो आणि इथे निर्णय आपला असतो. त्यामुळे बोचतंही जास्त.

दुसरा भाग गंभीर आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात या खेळाने मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी मोठी ओरड झाली होती. मुलाच्या आत्महत्येनंतर एका आईने १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटनाच काढली. खेळामुळे आत्महत्या होतात असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. पण त्या बाईंना हसायचं कारण नाही. खेळातलं मन खेळातच राहतं, असं कुणी शपथेवर सांगू नये.

नवा लाल कुर्ता पांढऱ्या बनियनबरोबर मशीनमध्ये टाकला तर रंग लागतो, तसा पात्राचा रंग माणसाला लागतो आणि माणसाचा पात्राला. खेळणारे याला ब्लीड म्हणतात. थोडा लागावा हीच तर मजा. पण कुणाचा कुर्ता किती रंग सोडतो हे आधी पाहावं लागतं.

म्हणून पहिल्या सेशनच्या आधी आम्ही नुसतं बोलायला बसतो. कुठले विषय अजिबात नकोत, कुठले चालतील पण पडद्याआड, हे ठरवतो. आमच्याकडे लहान मुलांचा छळ पूर्ण बंद आहे. शिवाय सतरंजीवर फुलीचं एक कार्ड पडलेलं असतं. जॉन स्टॅवरोपोलस या डीएमने ही पद्धत रूढ केली: कार्डावर कुणीही बोट ठेवलं, की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. सहा वर्षांत ते दोनदाच वापरलं गेलंय. एकदा मी एका मरणासन्न बापाचा प्रसंग रंगवत होते आणि कोडवाल्याने कार्डावर बोट ठेवलं. मी म्हणाले, "सकाळ होते, तुम्ही बाजारात आहात, भोपळे स्वस्त आहेत." त्याने भोपळा घेतला. मी आजवर त्याला काही विचारलेलं नाही.

आणि त्या रविवारी खेळ संपल्यावर तासभर आम्ही चहा पीत नुसते बसलो. डेंटिस्टला घरी सोडून आले.

"शेवट तर तुझ्याच हातात असतो ना?"

आईला हे अजून पटलेलं नाही. गोष्ट तू रचलीस, मग भिंत राहणार की पडणार हे तुला माहीतच असणार.

नाही माहीत. पुढच्या रविवारी चौघं तीन तास भांडली. दोन मतं जाळा, दोन नको. तेवढ्यात शाळेतल्या बाईंनी त्यांच्या आजीची गोष्ट काढली. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. आजीचं नारायण पेठेतलं घर पाण्यात गेलं, आजी वाचल्या. धरण रात्रीच जायचं, पण जवानांनी वाळूच्या पोत्यांची भिंत घालून ते काही तास धरलं, आणि पाणी शहरात आलं ते दिवसाउजेडी. "रात्री आलं असतं तर आज मी इथे नसते," त्या म्हणाल्या. मग एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पेठ रिकामी करायला किती दिवस लागतील?"

मी फासा टाकला. तीन दिवस.

तीन दिवस, तीन रात्री, तीन नावं. हा मार्ग मला सुचला नव्हता, अगदी देवाशप्पथ. चौघांची नावं वहीत होतीच, पहिल्या दिवसापासून. तीन खोडायची, चौथ्याने पेठ रिकामी झाली की वही जाळायची. मग सगळेच परत येतील, माईंची मुलगी, ढालाइतीचा भाऊ, हे तिघं. अडचण एकच. चौथ्याला हे तिघं आठवणार नाहीत, आणि त्यांच्याबरोबर ठरलेलं काहीच आठवणार नाही.

चौघांनी कौल लावला, सगळ्यात मोठा आकडा मागे राहणार. चोराला सतरा पडले. तो चिडला. त्याला खोडून घ्यायचं होतं, ते सोपं होतं. शेवटी त्याने पेन घेतलं आणि वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर स्वतःसाठी लिहिलं: 'पेठ रिकामी झाली की ही वही जाळ. का ते विचारू नकोस.' मग तिघांची नावं एकेक करून मी खोडली. तिसऱ्या रात्री धर्मशाळेत तीन अनोळखी माणसं चोराच्या शेजारी जेवायला बसली. सीएवाल्याने डेंटिस्टकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चोराच्या आवाजात विचारलं, "आपण कुठल्या?"

तिथे आम्ही थांबलो. वही सध्या माझ्या टेबलावर आहे.

बुधवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "अगं, एक विचारायचं होतं. माझ्या चोराला स्वतःचं अक्षर ओळखू येईल का?"

"येईल की. माईंनाही आलं होतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"हो," तो म्हणाला, "पण त्यांना ते ओळखून काय मिळालं?"

"रविवारी बघू," मी म्हणाले.